जो डेव्हलिन : बेलफास्टच्या एका सरचिटणीसाची कारकीर्द

२३ जून १९१६ रोजी बेलफास्टच्या सेंट मेरीज हॉलमध्ये अल्स्टर प्रांतातील सहा काउंट्यांच्या राष्ट्रवादी प्रतिनिधींची परिषद भरली होती. तिच्यापुढे प्रश्न एकच होता. बाकीच्या आयर्लंडला ताबडतोब होमरूल मिळणार असेल, तर या सहा काउंट्यांनी काही काळापुरते त्यातून बाहेर राहायला संमती द्यावी काय? संमतीच्या बाजूने ४७५ मते पडली आणि विरोधात २६५. मते देणारे लोक त्याच सहा काउंट्यांत राहणारे होते. देशाला स्वराज्य मिळावे म्हणून आपण स्वतः त्या स्वराज्याबाहेर राहू, असा कौल त्यांनी स्वतःच्या हाताने दिला. ज्यांच्या शब्दाखातर तो मिळाला ते जोसेफ डेव्हलिन त्या हॉलपासून पायी थोड्याच अंतरावर असलेल्या गल्लीत जन्मले होते. राष्ट्रवादी पक्षाची संघटना असलेल्या संयुक्त आयरिश लीगचे ते सरचिटणीस होते आणि ज्यांना बाहेर ठेवायचे ठरत होते त्यांचेच ते नेते होते.

गेले काही महिने मी या माणसाविषयी मिळेल ते वाचते आहे. आयर्लंडचा इतिहास मराठी वाचकाला अगदीच परका नाही. पार्नेल, डी व्हॅलेरा, ईस्टरचा उठाव ही नावे आपल्याकडे पूर्वीपासून आदराने घेतली गेली आहेत. त्या यादीत डेव्हलिन यांचे नाव मात्र मला कधी आढळले नाही. मी स्वतः अठरा वर्षे एका शिक्षक संघटनेच्या तालुका शाखेची चिटणीस होते. सभासदांच्या याद्या करणे, वर्गणी गोळा करणे, रुसलेल्यांच्या घरी जाऊन त्यांना बैठकीला आणणे या कामात किती आयुष्य जाते हे मला माहीत आहे. त्यामुळे डेव्हलिन यांच्या भाषणांपेक्षा त्यांच्या संघटनेची बांधणी मला अधिक खुणावते, आणि त्यांचे मोठेपण व त्यांची चूक या दोन्ही गोष्टी त्या बांधणीतच सापडतात, असे माझे मत झाले आहे.

त्यांचा जन्म १३ फेब्रुवारी १८७१ चा. वडील घोडागाडी हाकत. ख्रिश्चन ब्रदर्सच्या शाळेत बारा वर्षांपर्यंत शिक्षण झाले आणि तेथून पुढे पोटापाण्याचा उद्योग सुरू झाला. कारकुनी केली, मद्यालयात काम केले, काही काळ ‘आयरिश न्यूज’मध्ये पत्रकारिता केली. त्या काळच्या बेलफास्टमध्ये कॅथलिकांचे प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्याइतके होते. जहाजबांधणी आणि लिनन या दोन उद्योगांवर वाढलेल्या त्या शहरात कुशल कामाच्या, चांगल्या पगाराच्या जागा बहुतांशी प्रोटेस्टंटांकडे होत्या. शहराच्या पश्चिमेला फॉल्स रस्त्याच्या दोन्ही अंगांना कॅथलिक कामगारांची दाट वस्ती होती आणि डेव्हलिन यांचे सारे आयुष्य याच वस्तीशी बांधलेले राहिले. त्यांची उंची कमी होती. लोक त्यांना प्रेमाने ‘वी जो’, म्हणजे छोटा जो, म्हणत. टिम हीली हे त्यांचे स्वपक्षातील कडवे टीकाकार. हीलींनी त्यांना छोट्या आकाराच्या आवृत्तीतला डेमोस्थेनीस, म्हणजे प्राचीन ग्रीसचा तो गाजलेला वक्ता, म्हटले होते. त्या टोमण्यातही त्यांच्या वक्तृत्वाची कबुली आहेच.

त्यांचे राजकीय वय सुरू झाले ते फुटीच्या काळात. १८९० च्या अखेरीस पार्नेल यांच्या खासगी जीवनावरून आयरिश संसदीय पक्ष दुभंगला, १८९१ च्या ऑक्टोबरमध्ये पार्नेल वारले आणि त्यानंतरची नऊ वर्षे दोन्ही गटांनी एकमेकांना शिव्या देण्यात घालवली. डेव्हलिन पार्नेलविरोधी गटात, जॉन डिलन यांच्या बाजूला होते. बेलफास्टमध्ये त्यांना आणखी एका आघाडीवर लढावे लागले. तेथील बिशप हेन्री यांनी स्वतःची कॅथलिक असोसिएशन काढून नगरपालिकेच्या राजकारणात कॅथलिकांचे नेतृत्व धर्मगुरूंकडे घेतले होते. कॅथलिकांचे राजकारण राष्ट्रीय पक्षाने करावे, बिशपच्या कार्यालयाने करू नये, ही डेव्हलिन यांची भूमिका होती आणि कित्येक वर्षांच्या झगड्यानंतर ती लढाई त्यांनी जिंकली. विशी-तिशीतल्या, सामान्य घरातून आलेल्या एका श्रद्धाळू कॅथलिक तरुणाने आपल्याच बिशपच्या विरोधात उभे राहणे ही त्या समाजात किती अवघड गोष्ट होती, याची कल्पना आज येणे कठीण आहे.

विल्यम ओब्रायन यांनी १८९८ मध्ये मेयो काउंटीत संयुक्त आयरिश लीग स्थापन केली. तिच्या दबावामुळे १९०० मध्ये पक्ष पुन्हा एक झाला आणि जॉन रेडमंड नेते झाले. १९०२ मध्ये डेव्हलिन उत्तर किलकेनीतून बिनविरोध निवडून आले आणि लगेच निधी गोळा करण्यासाठी अमेरिकेला गेले. हा प्रवास का महत्त्वाचा होता ते थोडे सांगायला हवे. ब्रिटिश संसदेतील सदस्यांना १९११ पर्यंत वेतन नव्हते. श्रीमंत जमीनदार आणि वकील यांना त्याने फरक पडत नसे. पण आयरिश पक्षाचे कित्येक सदस्य पत्रकार, दुकानदार, शेतकरी होते आणि लंडनमधील त्यांचा निर्वाह पक्षाच्या निधीतून चाले. तो निधी अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील आयरिश स्थलांतरितांच्या वर्गणीतून येत असे. वर्गणी थांबली तर संसदेतले संख्याबळ टिकणार नाही, असे ते सरळ गणित होते. डेव्हलिन यांना ते कळत होते आणि लोकांसमोर उभे राहून पैसे मागण्याचा संकोच त्यांना नव्हता. १९०४ मध्ये ते लीगचे सरचिटणीस झाले. सभांचे वक्ते ठरवणे, शाखांमधली भांडणे मिटवणे आणि उमेदवार निवडीच्या परिषदा पार पाडणे हे सगळे त्यांच्या कार्यालयाकडे आले.

पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, ते एन्शंट ऑर्डर ऑफ हायबर्निअन्स या संघटनेचे अध्यक्ष झाले. इथे मला त्यांच्याशी भांडायचे आहे. हायबर्निअन ही कॅथलिकांची बंधुसंस्था होती. तिचे सभासदत्व फक्त आयरिश कॅथलिकांना खुले होते आणि तिचे झेंडे, पट्टे, मिरवणुका पाहिल्या तर प्रोटेस्टंटांच्या ऑरेंज ऑर्डरचीच आठवण यावी. १९०५ मध्ये तिचे सुमारे दहा हजार सभासद होते, ते चार वर्षांत साठ हजारांच्या आसपास गेले. १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्यानंतर तिला आजारपणाच्या विम्याची मान्यताप्राप्त संस्था म्हणून स्थान मिळाले आणि तिचा विस्तार आणखी वाढला. संघटक म्हणून हे काम थक्क करणारे आहे. मजुराला आजारपणात चार पैसे मिळतील, संध्याकाळी बसायला हॉल मिळेल आणि निवडणुकीत हीच फळी पक्षामागे उभी राहील, अशी त्यांची मांडणी होती. पण ज्या पक्षाचा दावा साऱ्या आयरिश लोकांच्या, प्रोटेस्टंटांच्याही, प्रतिनिधित्वाचा होता, त्या पक्षाचे हातपाय एका धर्माच्या बंधुसंस्थेने चालवावेत, ही विसंगती त्यांना दिसली नाही, किंवा दिसली तरी त्यांनी ती स्वीकारली. ‘होमरूल म्हणजे रोमरूल’, म्हणजे पोपचे राज्य, अशी भीती अल्स्टरच्या प्रोटेस्टंटांच्या मनात घातली जात होतीच, आणि तिला पुरावा म्हणून बोट दाखवायला आता एक संघटना मिळाली.

या फळीचा वापर स्वकीयांवरही झाला. फेब्रुवारी १९०९ मध्ये डब्लिनच्या मॅन्शन हाउसमध्ये लीगचे राष्ट्रीय अधिवेशन भरले. ओब्रायन म्हणजे लीगचे संस्थापकच. त्यांना नव्या जमीन विधेयकाविरुद्ध बोलायचे होते आणि त्यांचे म्हणणे असे की जमीनदार आणि युनियनिस्ट, म्हणजे ब्रिटनशी जोड कायम ठेवू पाहणारे, यांच्याशी समेटाने वागावे. त्यांना बोलू दिले गेले नाही. दंडुके घेतलेले हायबर्निअन स्वयंसेवक सभागृहात होते आणि त्यांनी ओब्रायन यांच्या समर्थकांना रेटून बाहेर काढले. आयरिश इतिहासात हे अधिवेशन ‘बॅटन कन्व्हेन्शन’ या नावानेच ओळखले जाते. ओब्रायन बाहेर पडले, त्यांनी वेगळा पक्ष काढला आणि पुढच्या निवडणुकांत कॉर्क काउंटी मुख्य पक्षाच्या हातून गेली. बैठक शांतपणे पार पाडायची असेल तर विरोधकाला आधी भेटावे, त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि मगच त्याला व्यासपीठावर बोलू द्यावे, हे तालुका पातळीवरच्या चिटणिसालाही कळते. डेव्हलिन यांच्यासारख्या कसलेल्या माणसाने तो मार्ग सोडला याचे मला मनापासून वाईट वाटते.

आता त्यांची दुसरी बाजू. १९०६ च्या निवडणुकीत ते पश्चिम बेलफास्टमधून अवघ्या १६ मतांनी निवडून आले. उत्तर किलकेनीची सुरक्षित जागाही त्यांनी त्याच वेळी जिंकली होती. ती सोडून त्यांनी १६ मतांची जागा ठेवली, आणि १९१० च्या दोन्ही निवडणुकांत राखली. या मतदारसंघात लिननच्या गिरण्या होत्या. सूतकताईच्या खोल्यांत धागा ओला ठेवावा लागे, जमिनीवर पाणी साचलेले असे आणि मुली व बायका त्यात अनवाणी उभ्या राहून दिवसभर काम करत. या स्त्रियांना तेव्हा मत नव्हते. तरीही त्यांच्या मजुरीचे, कामाच्या तासांचे आणि घरी बसून तुकड्यांवर काम करणाऱ्यांच्या पिळवणुकीचे प्रश्न डेव्हलिन यांनी संसदेत वारंवार मांडले आणि पुढे गिरणीतल्या बायकांना काही दिवस विश्रांती मिळावी म्हणून बँगोर येथे समुद्रकिनारी एक घरही उभे केले. फॉल्समधल्या घराघरांत त्यांच्याविषयी जी माया होती ती हायबर्निअनच्या पट्ट्यांनी आलेली नव्हती. ती या कामातून आलेली होती.

१९१२ ते १९१४ या काळाविषयी इथे थोडक्यात सांगते. उमराव सभेचा नकाराधिकार १९११ मध्ये गेला, तिसरे होमरूल विधेयक १९१२ मध्ये आले, अल्स्टरच्या युनियनिस्टांनी त्याविरुद्ध प्रतिज्ञापत्रावर लाखो सह्या केल्या, स्वयंसेवक दल उभारले आणि १९१४ मध्ये लार्न बंदरात जर्मनीहून बंदुका उतरवल्या. डेव्हलिन रेडमंडना आणि लिबरल मंत्र्यांना सांगत राहिले की हा सगळा आव आहे, सरकारने ठाम राहावे म्हणजे विरोध ओसरेल. बेलफास्टमध्ये जन्मलेल्या, शेजाऱ्यांचा स्वभाव रोज पाहणाऱ्या माणसाचा हा अंदाज चुकावा ही मला त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत न उलगडणारी गोष्ट वाटते. महायुद्ध सुरू झाल्यावर होमरूलचा कायदा सप्टेंबर १९१४ मध्ये मंजूर झाला आणि त्याच क्षणी स्थगित झाला. रेडमंड यांच्याबरोबर डेव्हलिन यांनीही सैन्यभरतीला पाठिंबा दिला आणि फॉल्समधले शेकडो तरुण त्यांच्या शब्दावर फ्रान्सला गेले.

मग १९१६ आले. २४ एप्रिलला डब्लिनमध्ये उठाव सुरू झाला आणि २९ एप्रिलला बंडखोर शरण आले. याच आठवड्यात, २८ एप्रिल १९१६ रोजी, लोकमान्य टिळकांची होमरूल लीग बेळगावला स्थापन झाली. आपल्या लोकांनी तो शब्द आयर्लंडकडून घेतला होता आणि ज्या दिवसांत तो मराठी सभांमध्ये दुमदुमू लागला त्याच दिवसांत आयर्लंडमध्ये त्याचे दिवस भरत आले होते. मे महिन्यात पंधरा जणांना गोळ्या घालून मारण्यात आले, लोकमत बंडखोरांच्या बाजूला झुकले आणि घाबरलेल्या सरकारने लॉइड जॉर्ज यांना तडजोडीसाठी पाठवले. त्यांनी रेडमंड आणि डेव्हलिन यांना सांगितले की सहा काउंट्या वगळणे तात्पुरते आहे. युनियनिस्टांचे नेते कार्सन यांना मात्र त्यांनी लेखी कळवले की ही मुदत संपली तरी अल्स्टरला तिच्या इच्छेविरुद्ध आयर्लंडमध्ये सामील केले जाणार नाही.

सेंट मेरीज हॉलमधली परिषद या पार्श्वभूमीवर झाली. टायरोन, फर्मानाह आणि डेरी शहर येथील प्रतिनिधी विरोधात होते आणि त्यांचे कारण उघड होते. टायरोन व फर्मानाह या दोन्ही काउंट्यांत कॅथलिकच बहुसंख्य होते, तरी त्यांना वगळायचे होते. रेडमंड यांनी परिषदेत राजीनाम्याची भाषा केली. डेव्हलिन यांनी आपल्या साऱ्या वक्तृत्वाचा आणि पंधरा-वीस वर्षांत जोडलेल्या प्रत्येक माणसाच्या विश्वासाचा भार त्या मतदानावर टाकला. बेलफास्ट, अँट्रिम, डाऊन येथील प्रतिनिधी त्यांच्यामागे उभे राहिले आणि ठराव मंजूर झाला. महिन्याभरातच मंत्रिमंडळातील युनियनिस्टांनी वगळणूक कायमची असल्याचे आणि लंडनच्या संसदेतील आयरिश सदस्यांची संख्याही घटवणार असल्याचे स्पष्ट केले. रेडमंड यांनी योजना नाकारली आणि सगळे कोसळले. हातात काहीच पडले नाही. आमच्याच नेत्यांनी फाळणीला मान्यता दिली, हे मात्र लोकांच्या मनात कायमचे राहिले.

डेव्हलिन यांनी आपल्या लोकांना विकले, असे पुढे अनेकांनी म्हटले आणि अजूनही म्हटले जाते. मला ते पटत नाही. विकणाऱ्याला काहीतरी मिळते. यांना काय मिळाले? शिवाय ज्या प्रदेशाला त्यांनी बाहेर राहायला सांगितले त्याच प्रदेशात ते मरेपर्यंत राहिले. त्यांचा दोष वेगळा होता. संघटनेच्या जोरावर ठराव मंजूर करून घेता येतो, पण २६५ माणसांच्या मनातली भीती त्या ठरावाने नाहीशी होत नाही, हे त्यांना त्या दिवशी दिसायला हवे होते. जे लेखी मागून घ्यायचे ते त्यांनी तोंडी आश्वासनावर सोडले. मी इतिवृत्ते लिहिली आहेत, म्हणून हे मला फार लागते.

पुढे तडजोड शोधण्यासाठी भरलेल्या १९१७-१८ च्या आयरिश कन्व्हेन्शनमध्ये त्यांनी रेडमंड यांची साथ सोडली. जकातीवर आयरिश संसदेचाच अधिकार हवा, अपुरे होमरूल आता नको, अशी बाजू त्यांनी बिशप ओडॉनेल यांच्याबरोबर घेतली. रेडमंड मार्च १९१८ मध्ये वारले. डिसेंबरच्या निवडणुकीत पूर्ण स्वातंत्र्य मागणाऱ्या सिन फेन पक्षाला ७३ जागा मिळाल्या आणि कित्येक दशके आयर्लंडच्या राजकारणावर वर्चस्व असलेला संसदीय पक्ष देशात ६ जागांवर आला. त्यांपैकी चार जागा कार्डिनल लोग यांनी घडवून आणलेल्या जागावाटपामुळे मिळाल्या. फॉल्समध्ये मात्र सरळ लढत झाली. समोर डी व्हॅलेरा होते. डेव्हलिन यांना ८,४८८ मते मिळाली आणि डी व्हॅलेरा यांना ३,२४५. त्या लाटेत हा आकडा कोणत्याही संघटनेच्या दंडुक्याने येत नाही. १९१८ मध्ये मताचा हक्क मिळालेल्या तीस वर्षांवरील स्त्रियांनी, ज्यांच्यासाठी हा माणूस बारा वर्षे बोलत होता, त्यांनी तो उभा केला असे मी मानते, अर्थात हा माझा तर्क आहे.

१९२० च्या जुलैमध्ये बेलफास्टच्या गोद्यांतून हजारो कॅथलिक कामगारांना हाकलून दिले गेले. सिन फेनचे सदस्य लंडनला जात नव्हते, त्यामुळे या लोकांसाठी संसदेत बोलणारे जवळजवळ एकटे डेव्हलिन होते. २१ नोव्हेंबरला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर सरकारी दलांनी प्रेक्षकांवर गोळीबार केला, त्यात चौदा जण दगावले. दुसऱ्या दिवशी संसदेत, आदल्या सकाळी डब्लिनमध्ये मारल्या गेलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांविषयीच बोलणे चालले असताना डेव्हलिन यांनी उठून विचारले की मैदानावर मेलेल्या माणसांविषयी कोणी काही का बोलत नाही. सभागृहात आरडाओरडा झाला आणि एका सदस्याने त्यांच्या अंगावर हात टाकला. त्या पाच फुटांच्या माणसाचा त्या क्षणीचा एकटेपणा मला वाचताना सहन झाला नाही.

फाळणी झाली. १९२१ मध्ये उत्तरेच्या नव्या संसदेत ५२ पैकी ४० जागा युनियनिस्टांना, ६ सिन फेनला आणि ६ डेव्हलिन यांच्या राष्ट्रवाद्यांना मिळाल्या. डी व्हॅलेरा यांच्याशी केलेल्या करारानुसार सिन फेन आणि राष्ट्रवादी दोघेही बहिष्कारावर गेले. ही चार वर्षे फार महाग पडली. १९२२ मध्ये स्थानिक निवडणुकांतले प्रमाणशीर प्रतिनिधित्व रद्द झाले, वॉर्डांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, सरकारला विशेष अधिकार देणारा कायदा आला, आणि त्या सभागृहात विरोधात बोलायला राष्ट्रवाद्यांपैकी कोणी नव्हते. एप्रिल १९२५ मध्ये डेव्हलिन एका सहकाऱ्यासह आत गेले. त्यांनी आधीच जायला हवे होते. पण त्यांनी आत जायचे ठरवले तेव्हाही स्वतःच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या, हेही सांगितले पाहिजे. १९२८ मध्ये कहिर हीली (टिम हीली वेगळे) यांच्यासह त्यांनी नॅशनल लीग ऑफ द नॉर्थ उभी केली. पुन्हा शाखा, पुन्हा याद्या, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी. १९२९ मध्ये संसदीय निवडणुकांतलेही प्रमाणशीर प्रतिनिधित्व काढून टाकले गेले. १९३० च्या शिक्षण कायद्यात कॅथलिक शाळांच्या इमारतींसाठी निम्मे अनुदान त्यांनी मिळवले, हे त्या वर्षांतले मोठे काम. राष्ट्रवाद्यांनी मांडून मंजूर झालेला कायदा मात्र एकच, १९३१ चा वन्य पक्षी संरक्षण कायदा.

१९३२ मध्ये त्यांनी त्या सभागृहाला सांगितले की आम्ही सत्ता मागितली नाही, सेवा मागितली. तुम्ही सहकार्याचा प्रत्येक हात झिडकारलात आणि एक तृतीयांश लोकांना ‘परिया’सारखे वागवलेत. तमिळ प्रदेशातल्या परैयर जातीच्या नावावरून इंग्रजीत गेलेला हा शब्द बेलफास्टच्या एका कॅथलिक नेत्याच्या तोंडी आपल्या लोकांचे दुःख सांगायला आला, तेथे माझे वाचन बराच वेळ थांबले होते. त्याच वर्षी त्यांचा गट सभागृहाबाहेर पडला. १८ जानेवारी १९३४ रोजी ते वारले. अंत्ययात्रेला बेलफास्ट आणि डब्लिन या दोन्ही सरकारांचे प्रतिनिधी आले होते. फॉल्स रस्त्यानेच त्यांना मिलटाऊनच्या दफनभूमीत नेले.